स्काला ३ वापरून नऊ महिने: तक्ता आणि नियम एका ओळीत

गेली बारा वर्षं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवरच माझं पोट चाललंय. नऊ महिन्यांपूर्वी आमच्या चौघांच्या टीमने मालवाहतुकीचं भाडं काढणारा जुना भाग स्काला ३ या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहायला घेतला. आता रोजची बिलं त्यातूनच निघतात. पहिल्या आठवड्यातल्या उत्साहात मुद्दामच काही लिहिलं नव्हतं.

स्कालात ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणारी वस्तू) आणि फंक्शन (इनपुट घेऊन उत्तर देणारा कोड) एक केलेत, हे वाक्य मी कित्येकदा वाचलं होतं आणि मला ते जाहिरातीसारखं वाटायचं. लॅम्ब्डा, म्हणजे जागेवरच लिहिलेली निनावी फंक्शन्स, तर जावातही २०१४ पासून आहेत. फरक कळला तो रोज कोड लिहायला लागल्यावर. जावात फंक्शनसारखी वस्तू हाती आली की आधी तिची जात विचारावी लागते. 'फंक्शन' असेल तर 'अप्लाय' म्हणा, 'प्रेडिकेट' असेल तर 'टेस्ट', 'सप्लायर' असेल तर 'गेट'. स्कालात फंक्शन म्हणजे 'अप्लाय' ही मेथड (ऑब्जेक्टला सांगता येणारं काम) असलेला ऑब्जेक्ट, बस. नावापुढे कंस उघडला की कंपायलर (कोडचं मशीनसाठी भाषांतर करणारा प्रोग्रॅम) तिथे 'अप्लाय' गृहीत धरतो. १ + २ लिहिलं तरी तो १ या ऑब्जेक्टच्या '+' नावाच्या मेथडला केलेला कॉलच असतो.

यामागे बरीच वर्षं गेली आहेत. स्कालाचे कर्ते मार्टिन ओडरस्की यांनी १९९० च्या दशकात संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॉडलर यांच्याबरोबर 'पिझ्झा' ही भाषा केली. जावाला जेनेरिक्स (एकच कोड वेगवेगळ्या टाइपच्या माहितीला चालवणं), फंक्शन आणि पॅटर्न मॅचिंगची (माहितीचा आकार बघून वाट ठरवणं) जोड देणारी. त्यातून पुढे 'जीजे' ही जेनेरिक्सवाली जावा आली आणि २००४ साली जावा ५ मध्ये जे जेनेरिक्स आले ते त्याच कामावर उभे आहेत. पण जावाच्या जुन्या चौकटीत हे सगळं मनासारखं बसत नव्हतं. मग २००१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात स्कालाची आखणी सुरू झाली आणि २००४ मध्ये ती लोकांच्या हाती आली. चालते मात्र जावाच्याच मशीनवर, त्यामुळे आमच्या जुन्या लायब्रऱ्या तशाच वापरता आल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्या दरपत्रकात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही दर तक्त्यात असतात: अमुक पिनकोडला किलोमागे इतके रुपये. काही दर नियमाने निघतात: डोंगराळ भाग असेल तर मूळ दरावर इतकं जास्त. जुन्या कोडमध्ये तक्ता हॅशमॅपमध्ये (किल्लीवरून किंमत शोधून देणारा साठा), नियम वेगळ्या क्लासमध्ये आणि दोघांना जोडणारी दीडशे ओळींची इफ-एल्सची माळ. त्या माळेला हात लावायला कुणी धजावत नसे.

स्कालात मॅप हेच एक फंक्शन आहे. किल्ली द्या, किंमत घ्या. नेमकं सांगायचं तर ते 'पार्शल फंक्शन' आहे, म्हणजे काही इनपुटांना उत्तर देणारं आणि बाकीच्यांना नाही. आणि दोन पार्शल फंक्शन्स 'ऑरएल्स' लावून जोडता येतात. त्यामुळे आमचा कोड असा झाला: खासग्राहकदर ऑरएल्स डोंगरीदर ऑरएल्स विभागदर. यातला पहिला आणि तिसरा मॅप आहे, मधला केस लिहून केलेला नियम. ओळ वाचताना कुठला तक्ता आणि कुठला नियम हे कळत नाही, कळायची गरजही नाही. पुढे 'अँडदेन' लावून कर, मग रुपयांत पूर्णांक. दीडशे ओळींच्या जागी आता नऊ ओळी आहेत. ज्या मुलीने तो भाग लिहिला तिला कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. दरपत्रक ठरवणाऱ्या साहेबांना तिने ती ओळ स्क्रीनवर दाखवली आणि त्यांनी क्रम चुकलाय हे स्वतः पकडलं. खासग्राहकदर आधी खाली होता. हे माझ्या नोकरीत मी पहिल्यांदा पाहिलं.

याच जागी आम्ही फटकाही खाल्ला. मॅपला फंक्शन म्हणून थेट यादीच्या 'मॅप' मेथडमध्ये (यादीतल्या प्रत्येकाला फंक्शन लावणारी, नाव तेच पण गोष्ट वेगळी) दिलं की कंपायलर काही बोलत नाही. किल्ली सापडली नाही की चालू प्रोग्रॅम एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, देऊन थांबतो. एका रात्री नवा पिनकोड आला आणि सगळी बिलं अडकली. घाईत कुणीतरी 'कलेक्ट' लावलं. प्रोग्रॅम थांबायचा बंद झाला, पण कलेक्ट न सापडलेल्या किल्ल्या गुपचूप वगळतं, आणि बिलाच्या कामात गुपचूप वगळणं हे थांबण्यापेक्षा वाईट. शेवटी 'लिफ्ट' वापरलं. त्याने उत्तर 'ऑप्शन' म्हणून, म्हणजे किंमत 'आहे' किंवा 'नाही' असं, येतं आणि 'नाही'चं काय करायचं ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या मते ही सवय पहिल्याच दिवशी लावायला हवी.

सेटचंही तसंच. सेट म्हणजे 'हा यात आहे का?' असं विचारता येणारं फंक्शन, त्यामुळे बंद केलेल्या ग्राहकांचा सेट सरळ 'फिल्टरनॉट'ला (अट लागू होणारे वगळणाऱ्या मेथडला) देता येतो. फार सुंदर दिसतं. पण म्हणूनच विशेष ग्राहकांचा सेट हा ग्राहकांचा सेट मानला जात नाही, लिस्ट मात्र चालते. माझा अख्खा दुपारचा वेळ यात गेला. कारण समजल्यावर पटलं: फंक्शन म्हणून सेट ग्राहक आत घेतो, साठा म्हणून बाहेर देतो, आणि या दोन दिशांना टाइपचे नियम उलट चालतात.

एकीकरणाची शिवण अजून एका ठिकाणी दिसते. मेथड ही स्वतः ऑब्जेक्ट नाही. स्काला २ मध्ये तिचं फंक्शन करायला पुष्कळदा पुढे अंडरस्कोर लावावा लागे; ३ मध्ये ते आपोआप होतं. फंक्शनला २२ च पॅरामीटर ही जुनी मर्यादाही गेली. कंपायलरने आपोआप पुरवायच्या गोष्टींसाठीच्या 'इम्प्लिसिट'ऐवजी आलेले 'गिव्हन' आणि 'यूझिंग' वाचायला खूप सोपे आहेत.

त्रास कशाचा? कंपाइलला जावापेक्षा वेळ लागतो, चहा होईल इतका नाही, पण जाणवतो. स्टॅक ट्रेसमध्ये (चूक कुठून कुठे आली ते दाखवणाऱ्या यादीत) निनावी फंक्शन्सची गर्दी असते. आणि एकच गोष्ट चार तऱ्हांनी लिहिता येते. आमच्यात दोघं महिरपी कंस लावायचे, दोघं नुसतं इंडेंटेशन. तिसऱ्या आठवड्यात कोड एकाच साच्यात बसवणारा फॉरमॅटर सक्तीचा केला आणि रिव्ह्यूमधले वाद मिटले.

पुढच्या महिन्यात परताव्याचा भाग घेतोय. तिथे तक्ते कमी आणि अपवाद जास्त आहेत, त्यामुळे ऑरएल्सची ओळ तिथे किती लांबते ते बघायचंय. दीडशे ओळींची ती जुनी फाइल गेल्या शुक्रवारी आम्ही चौघांनी मिळून डिलीट केली.