चाळीस मीटर बँडसाठी: धुऱ्यावरची तार की अंगणातली काठी?

हॅम रेडिओचं (हौशी बिनतारी संपर्काचं) लायसन हाती आलं, सेटही आला, आता चाळीस मीटर बँडवर, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला, अँटेना कोणता लावायचा? गावात दोनच गोष्टी जमण्यासारख्या. धुऱ्यावरच्या दोन कडुलिंबांमध्ये ताणलेला २० मीटरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली आडवी तार), नाहीतर कॉइल लावून आखूड केलेला अडीच मीटरचा उभा व्हिप, म्हणजे काठीसारखा अँटेना.

व्हिपचं एसडब्ल्यूआर (सेट आणि अँटेना किती जुळले ते सांगणारं माप; एकास एक म्हणजे पूर्ण जुळलं) बघून भुलू नका. डमी लोड, म्हणजे चाचणीसाठी अँटेनाऐवजी लावायचा नुसता रोध, तोही एकास एक दाखवतो आणि सगळी पॉवर तापण्यात घालवतो. खरा हिशेब असा: अँटेनाच्या रोधातला किती भाग लहरी बाहेर टाकतो आणि किती नुसता गरम होतो. डायपोलचा विकिरण रोध, म्हणजे लहरी बाहेर टाकणारा भाग, मोकळ्या जागेत ७३ ओहम, दोन मिलिमीटर तांब्याच्या तारेतला तोटा जेमतेम एक ओहम. व्हिपचा विकिरण रोध मात्र दीड ओहमच्या आतच. त्यात कॉइलचे पाच आणि जमिनीचे पंधरा ओहम धरले, तर १०० वॅटमधले सहा-सात हवेत जातात. मॅचिंग (सेटशी रोध जुळवणारी जोडणी) न लावता असा व्हिप एकास एक दाखवत असेल, तर त्याचा एकूण रोध सेटला हवा तेवढा, पन्नास ओहम झालेला असतो, आणि त्या पन्नासपैकी जेमतेम दीडच ओहम कामाचा. म्हणजे तीन टक्केही नाही!

त्यात आपली काळी माती. मे महिन्यात ती भेगाळते, तेव्हा जमिनीतला तोटा वाढू शकतो. एकूण रोध पन्नासकडे सरकतो, म्हणून मीटर सुधारल्यासारखा दिसतो आणि सिग्नल पडतो. उपाय म्हणजे भरपूर रेडियल, व्हिपच्या बुडापासून जमिनीवर चौफेर पसरलेल्या तारा. पण ते वावरात पसरले तर पहिल्याच डवरणीत तुटतील, म्हणून व्हिप अंगणातच.

डायपोलही निर्दोष नाही. सहा-सात मीटरवर टांगला की काही शक्ती जमीन खाते आणि उरलेली बहुतेक सरळ वर जाते आणि आयनांबरावरून परतून जवळपासच्या भागात उतरते. दिवसा नागपूर, अकोला, छत्रपती संभाजीनगर गाठायला तेच हवं असतं. परदेश गाठायचाच असेल, तर दहा मीटरचा पूर्ण पाव-लहरी व्हर्टिकल (लहरीच्या पाव लांबीचा उभा अँटेना) आणि त्याखाली रेडियलचं जाळं. आखूड व्हिपला त्याचा धाकटा भाऊ समजू नका.

झाडं असतील तर मी तारच बांधीन. वाऱ्यात झाड हलतं म्हणून एका टोकाला कप्पीवर वजन सोडा. शेतातल्या विजेच्या लाइनपासून मात्र लांब, तार तुटली तरी तिच्यावर पडणार नाही इतकी लांब. व्हिप भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानं घ्यावा, नाहीतर गाडीवर लावणाऱ्यानं.