दाबोळी की मोपा? युद्धाच्या तणावात कुठून उडावं

आखातात जाणाऱ्या सावंतवाडी-कुडाळकडच्यांना गोव्यातल्या या दोन विमानतळांपैकी कुठला धरावा, सध्या हाच पेच आहे. तिकिटाचा फरक तूर्त बाजूला ठेवा.

दाबोळीची धावपट्टी नौदलाच्या 'आयएनएस हंसा' तळाची, नागरी टर्मिनल तिथे पाहुणं. त्यामुळे लष्करी लक्ष्य ठरण्याचा धोका जास्त, आणि तणाव वाढला की पहिला हक्क नौदलाचा. 2023 मध्ये सुरू झालेलं मोपा निव्वळ नागरी, म्हणून इथे उजवं. पण मे 2025 मध्ये भारत-पाक संघर्षात उत्तर-पश्चिमेचे 32 विमानतळ बंद झाले, त्यात गोव्यातलं एकही नव्हतं. तेव्हा उगाच घाबरू नका.

पोचायला मोपा बांद्याहून अर्ध्या तासाच्या आत. दाबोळीला अख्खा उत्तर गोवा ओलांडायचा.

आखाताचं आकाशच बंद झालं तर मात्र दोन्ही सारखीच. 23 जून 2025 ला कतारने हवाई हद्द बंद केली, तेव्हा वाटेतली विमानं भलतीकडे वळली. म्हणून पुढचं जोडविमान एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये घ्या. तुटक तिकिटांत पुढचं चुकलं की भुर्दंड आपलाच. प्रवासविम्यात युद्ध बहुधा वगळलेलं असतं, ते कलम वाचा.

तळकोकणातल्यांनी मोपाच धरावं. मडगाव-वास्कोकडे मुक्काम असेल किंवा थेट विमान तिथूनच मिळत असेल, तर दाबोळी.