सॅलड स्पिनर, आठ महिन्यांनंतर

धुतलेल्या पानांवरचं पाणी गरगर फिरवून काढणारा सॅलड स्पिनर घरी आला त्या दिवशी बाबांनी झाकण उघडून आत पाहिलं, जाळीची टोपली बाहेर काढली, परत ठेवली आणि विचारलं, “कपड्यांचा ड्रायर कमी पडत होता का?” बायको काही बोलली नाही, पण ज्या कपाटात न वापरलेली सँडविच मेकर आणि ज्यूसर ठेवलेत, तिकडे एक नजर टाकली. मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा माझाही स्पिनरवर फारसा विश्वास नव्हता. मन होतं दुसऱ्या दोन खरेद्यांत: दोरी ओढायचा चॉपर आणि पातळ चकत्या करणारं मँडोलिन.

तिन्ही वस्तू एकाच महिन्यात घेतल्या. कारण साधं होतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. मी आठवडाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पाहिलं, तर घरातलं कुणीच निम्म्यावरही जात नव्हतं. (बटाटा त्या ४०० ग्रॅममध्ये धरत नाहीत, ही माहिती घरात फारशी आवडली नाही.) म्हणून ठरवलं की रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येकी एक मोठा वाडगा ताजं सॅलड खायचं. पहिल्या आठवड्यात ते बनवायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागत होती. मला वाटलं, वेळ कापण्यात जातोय. म्हणून कापायची यंत्रं आणली, आणि स्पिनर त्यांच्यासोबत लागलाच म्हणून आला.

आठ महिन्यांनंतरचा हिशोब असा: चॉपर कपाटात सँडविच मेकरशेजारी जाऊन बसलाय, मँडोलिन आठवड्यातून दोनदा निघतं, आणि स्पिनर ओट्यावरून हललेला नाही.

चॉपरबद्दल थोडक्यात. पहिला महिना मजा आली. तीन-चार झटक्यांत कांदा बारीक. पण सॅलडला बारीक कांदा नको असतो, एकसारखा कांदा हवा असतो. चॉपरमधून एकीकडे चूर्ण आणि दुसरीकडे अर्धा कांदा जसाच्या तसा निघतो. टोमॅटो आणि काकडीचा तर लगदा. त्याची छोटी पाती लवकर बोथट होतात आणि मग ती कापत नाहीत, चेचतात. कांदा चेचला की त्याच्या पेशी जास्त फुटतात, आतली गंधकाची संयुगं जास्त सुटतात, आणि तो तिखट-कडवट लागतो. धारदार सुरीने उभा चिरलेला तोच कांदा गोडसर लागतो. कोबी, गाजर किंवा शेंगदाण्यांसाठी चॉपर ठीक आहे. त्यासाठी तो घ्यावाच असं मात्र मी कुणाला सांगणार नाही.

मँडोलिनची गोष्ट वेगळी. वस्तू उत्तम, पण मला ती वापरायची अक्कल नव्हती. काकडीच्या दोन मिलिमीटरच्या चकत्या, मुळ्याच्या त्याहून पातळ, बीटच्या तर आरपार उजेड दिसेल अशा. हाताने इतकं एकसारखं मला आयुष्यात जमलं नसतं. सोबत एक प्लॅस्टिकची पकड येते, भाजी तिच्यात खोचून सरकवायची. दुसऱ्या आठवड्यात गाजराचा शेवटचा तुकडा उरला होता. “एवढ्याशासाठी कुठे ती पकड” म्हणून तसाच बोटांनी धरला. दुखलं नाही, हे विशेष. गाजराच्या पांढरट-केशरी चकत्यांवर लाल थेंब दिसला तेव्हा कळलं की अंगठ्याचं टोक चकतीबरोबर खाली गेलंय. आता नियम आहे: शेवटचा दोन इंचाचा तुकडा कापायचाच नाही, सॅलड करणाऱ्याने तो उभ्या उभ्या खायचा. मुलगी त्या तुकड्यासाठीच मदतीला येते.

आता स्पिनर. माझा पाच लिटरचा आहे: बाहेरचं पारदर्शक भांडं, आतली जाळीची टोपली, वर दाबायच्या बटणाचं झाकण. बटण दाबलं की टोपली गरगर फिरते, पानांवरचं पाणी जाळीतून बाहेर फेकलं जाऊन भांड्याच्या भिंतीवर आपटतं आणि खाली जमतं. वॉशिंग मशीन कपडे पिळतं तसंच. बाबांचा टोमणा तंत्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होता.

फरक कशाने पडतो ते मला पहिल्याच महिन्यात एका प्रयोगातून कळलं. लेट्यूसची मोठी जुडी धुतली, चाळणीत नेहमीसारखी खसाखसा झटकली, “निथळली” असं वाटल्यावर स्पिनरमध्ये टाकली. वीसेक वेळा बटण दाबल्यावर खालचं पाणी मोजलं, तर चांगले चार मोठे चमचे निघालं. आधी हे सगळं वाडग्यात जात होतं. त्या वाडग्यात मी दोन चमचे तेल आणि एक चमचा लिंबाचा रस घालायचो, म्हणजे ड्रेसिंगपेक्षा पाणीच जास्त. शिवाय ओल्या पानाला तेल धरत नाही. ते घसरून तळाशी जातं, वरची पानं फिकी आणि खाली आंबट तळं. चव येत नाही म्हणून मी आणखी तेल, आणखी मीठ घालत होतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, तेव्हा “हलकं जेवण” म्हणून खाल्लेल्या वाडग्यात किती काय जात असेल ते बघा. पानं कोरडी झाल्यापासून तेल निम्म्यावर आलं आणि चव वाढली.

तेल पूर्ण बंद मात्र करू नका. मी उत्साहाच्या भरात तीन आठवडे केलं होतं. गाजरातलं कॅरोटीन, टोमॅटोतलं लायकोपीन, पालेभाज्यांतलं जीवनसत्त्व के हे सगळं स्निग्धात विरघळणारं, थोडं तेल सोबत असेल तर शरीरात नीट शोषलं जातं. लिंबाचंही तसंच, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह शरीराला अधिक मिळतं. ड्रेसिंगचं जुनं प्रमाण तीन भाग तेलाला एक भाग आंबट असं आहे. मला ते तेलकट लागतं, मी दोनास एक घेतो. त्यात पाव चमचा मोहरीची पेस्ट, मीठ, मिरपूड, आणि झाकणाच्या बाटलीत घालून जोरात हलवायचं. मोहरीमुळे तेल आणि रस काही वेळ एकजीव राहतात, नुसत्या रसात ते मिनिटभरात वेगळे होतात. बाटलीत चार दिवसांचं करून फ्रिजमध्ये ठेवतो. पण लसूण त्यात आधीपासून घालून ठेवत नाही. तेलात बुडालेल्या कच्च्या लसणात बाहेरच्या तापमानाला बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, वासावरून कळतही नाही. लसूण हवा असेल तेव्हा ताजा किसून त्याच दिवशी संपवायचा.

कामाचा क्रम बदलल्यावर वेळ खरा वाचला. आधी मी सगळं धुवायचो, मग सगळं कापायचो. आता घरात शिरल्याबरोबर काकडीच्या चकत्या करून त्यांना चिमूटभर मीठ चोळून चाळणीत ठेवतो, कांदा चिरून गार पाण्यात टाकतो, आणि मग बाकीच्याकडे वळतो. मिठाने काकडीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. काकडी जवळपास ९५ टक्के पाणीच असते, ते वाडग्यात सुटण्यापेक्षा सिंकमध्ये सुटलेलं बरं. पंधरा मिनिटांनी हलक्या हाताने दाबायची, खारट वाटली तर एकदा धुवून त्याच स्पिनरमधून फिरवायची. कुरकुरीत राहते. ‘सॅलड’ हा शब्दच मुळात मिठासाठीच्या लॅटिन ‘साल’ या शब्दावरून आलाय, म्हणजे खारवलेल्या भाज्या. हे मला काकडी दाबता दाबता पटलं. कांद्याचा उग्रपणाही दहा मिनिटांत पाण्यात उतरतो.

तेवढ्या वेळात पानं. ती स्पिनरच्या बाहेरच्याच भांड्यात पाणी भरून धुतो, आणि इथे एक चूक मी दोन महिने केली: भांडं उपडं करून चाळणीत ओतत होतो. त्याने तळाशी बसलेली माती परत पानांवरच जाते. पाणी ओतायचं नाही, पानं हातांनी वर उचलायची. पालकाला हे तीनदा करावं लागतं. तिसऱ्यांदाही भांड्याच्या तळाशी बोट फिरवून बघा, कण लागले तर चौथ्यांदा. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड अजिबात नको, पान ते शोषतं. वाहतं साधं पाणी पुरे. आणि स्पिनर पान कोरडं करतो, जंतुमुक्त नाही, हे लक्षात असू द्या.

याच कारणाने मोड आलेली कडधान्यं मी आता कच्ची घालत नाही. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. जर्मनीत २०११ साली मेथीच्या मोडांमधून पसरलेल्या ई. कोलाय या जंतूने पन्नासहून अधिक माणसं दगावली होती. वाफवून घालतो. चवीत थोडा फरक पडतो, मान्य. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर या बाबतीत हट्ट करू नये.

सगळं मिळून आता बारा ते पंधरा मिनिटं लागतात. रविवारी तयारी करून ठेवली तर सात-आठ. पानं धुवून, अगदी कोरडी करून, डब्यात तळाला आणि वर पेपर नॅपकिन ठेवून फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस छान राहतात. आधी दुसऱ्या दिवशीच काळपट, चिकट व्हायची, कारण ओली ठेवत होतो. पूर्वी आठवड्याला अर्धी जुडी कचऱ्यात जायची, ती आता जात नाही. माझ्या मते स्पिनरचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नव्हता. चिरलेला कोबी तीन-चार दिवस टिकतो. चिरलेली काकडी आणि टोमॅटो टिकत नाहीत, ते आयत्या वेळीच. टोमॅटो मी फ्रिजमध्येही ठेवत नाही, थंडीने त्याचा वास मरतो. पानांच्या डब्याशेजारी पिकलेली सफरचंदं ठेवू नका, त्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने लेट्यूसवर तपकिरी डाग पडतात. हे शिकायला मला दोन जुड्या लागल्या.

तब्येतीचं विचाराल तर चमत्कार काही नाही. पहिले दोन आठवडे कच्चा कोबी एकदम वाढवल्याने पोटात गॅस धरायचा, प्रमाण कमी करून हळूहळू वाढवल्यावर जमलं. जेवणाआधी वाडगा संपवल्याने ताटात आपोआप कमी पडतं, पोट साफ राहतं. वजन थोडं उतरलं, त्याचं श्रेय सॅलडला किती आणि रात्रीचं बिस्कीट सुटलं त्याला किती, सांगता येणार नाही. एकदा सलग दोन दिवस बीट खाल्लं आणि सकाळी बाथरूममधून बायकोने घाबरून हाक मारली. काही लोकांच्या लघवीला बीटचा रंग येतो, त्यात काळजीचं काही नसतं. पण बीट खाल्ल्याचं आठवायला आम्हाला पाच मिनिटं लागली, ती पाच मिनिटं वाईट गेली.

एक गोष्ट मात्र खरंच गंभीर आहे. बाबा रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेतात. मी उत्साहाने त्यांना रोज पालक-लेट्यूसचा वाडगा द्यायला लागलो होतो. पुढच्या तपासणीत रक्त गोठण्याचा आकडा हलला आणि डॉक्टरांनी खाण्यात काय बदललं ते विचारलं. पालेभाज्यांतलं जीवनसत्त्व के या गोळीच्या विरुद्ध काम करतं. पाला बंद करायचा नसतो, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं, आणि बदल करायचा तर डॉक्टरांना सांगून. आता त्यांचा वाडगा मी मोजून भरतो, जास्त करून काकडी, गाजर आणि ठरलेली पानं.

स्पिनरच्या तक्रारीही सांगतो. जागा फार खातो, आमच्या ओट्यावर पातेल्याएवढा कोपरा त्याने कायमचा घेतलाय. टोपली दोन-तृतीयांशाच्या वर भरली तर पानं चेंगरून काळी पडतात, म्हणजे चार माणसांचं दोन खेपांत करावं लागतं. कोथिंबीर-पुदिन्याची बारीक पानं जाळीच्या फटींत अडकतात, त्यासाठी जुना टूथब्रश ठेवलाय. तुम्ही सॅलड म्हणून फक्त काकडी-टोमॅटो-गाजर खात असाल तर याची काहीच गरज नाही. पानं खाता पण महिन्यातून दोनदाच, तर स्वच्छ पंचात बांधून गच्चीत उभं राहून गोल फिरवा, तेच काम होतं. शेजारी बघतात, एवढंच.

आणि झाकण. यंत्रणा सगळी झाकणात असते आणि माझं झाकण खोलता येत नाही. धुताना आत पाणी जातं, ते निघायला जागा नाही. पाचव्या महिन्यापासून बटण अडकायला लागलं. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की सुटं झाकण मिळत नाही, नवा सेट घ्या. विकत घेणार असाल तर आधी दुकानात झाकणाचे भाग सुटे होतात का ते स्वतः करून बघा, बाकी सगळं सारखंच असतं. मी आता झाकण धुतल्यावर रात्रभर उभं टेकवून ठेवतो. तरी चौथ्या-पाचव्या दाबाला बटण आत बसतं ते वर येत नाही. मग झाकण उचलायचं, कडेवर एक चापट मारायची, परत बसवायचं. ही चापट नेमकी कुठे मारायची ते सध्या फक्त बाबांना जमतं.