स्वतःचा लाइटनिंग नोड चालवून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

छोट्या रकमेसाठी बिटकॉइनच्या साखळीवर (ब्लॉकचेनवर) व्यवहार करणं मला कधीच पटलं नाही. सरासरी 10 मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, आणि गर्दी असली की पाठवायच्या रकमेपेक्षा फीच जास्त. एखाद्या एक्स्चेंजच्या वहीत आकडे इकडचे तिकडे करणं सोपं आहे, पण तिथे पैसे आपल्या ताब्यात नसतात. म्हणून लाइटनिंगकडे, म्हणजे बिटकॉइनवरच उभ्या असलेल्या झटपट व्यवहारांच्या जाळ्याकडे वळले, आणि तेही स्वतःचा नोड (या जाळ्यातला आपला संगणक) लावून.

पून आणि ड्रायजा यांनी 2016 च्या लेखात मांडलेली ही कल्पना मला आजही फार आवडते. चॅनल म्हणजे दोन नोडमधली पैसे देण्याघेण्याची वाट. ते उघडताना पैसे अशा पत्त्यावर जातात, जिथून ते काढायला दोघांच्याही सह्या लागतात. चॅनल बंद होईपर्यंत साखळीवर जातो तो एवढाच व्यवहार. पुढचा हिशेब दोघांतच. प्रत्येक नव्या हिशेबाबरोबर जुना रद्द करणारी गुप्त किल्ली समोरच्याला द्यायची. कुणी जुना हिशेब साखळीवर टाकलाच, तर दुसरा त्या किल्लीने चॅनलमधले सगळे पैसे उचलू शकतो. समोरचा कोण आहे, कसा आहे, हे मला माहीत असण्याची गरजच उरत नाही.

रोजच्या वापरात पैसे बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत पोचतात, फी काही सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटींवा भाग). थेट चॅनल नसेल तिथे पैसे इतरांच्या चॅनलांमधून पुढे जातात. मोठी रक्कम मात्र अनेकदा वाटेतच अडते, कारण मधल्या एखाद्या चॅनलमध्ये त्या दिशेला तेवढी शिल्लक नसते. सुरुवातीला मी सगळी चॅनलं स्वतःच्या पैशांनी उघडली आणि मग मला कुणाकडून काही घेताच येईना. समोरच्या बाजूला शिल्लक असल्याशिवाय पैसे येणार कुठून? हे आधी कुणी सांगायला हवं होतं.

तिसऱ्या महिन्यात डिस्क गेली. माझ्याकडे चॅनलांच्या डेटाबेसची चार दिवसांपूर्वीची प्रत होती आणि ती लावून नोड सुरू करायच्या मी अगदी बेतात होते. तसं केलं असतं तर माझ्याच नोडकडून जुना हिशेब साखळीवर जाण्याची भीती होती, आणि दंड म्हणून चॅनलच रिकामं झालं असतं. नशिबाने वेळीच थांबले. स्थिर बॅकअप (त्यात हिशेब नसतो, फक्त कुणाशी कोणतं चॅनल आहे याची नोंद असते) वापरून समोरच्या नोडना चॅनलं बंद करायला लावली. बहुतेक चॅनलांतले माझे पैसे त्याच दिवशी आले. एक नोड अकरा दिवस बंद होता, तेवढे दिवस ती रक्कम अडकून राहिली.

त्यानंतर वॉचटॉवर लावला. मी ऑफलाइन असताना कुणी जुना हिशेब टाकतो का, यावर तो लक्ष ठेवतो. एकतर्फी चॅनल बंद करणाऱ्याला आपले पैसे 144 ब्लॉक, म्हणजे साधारण एक दिवस, कधी त्याहून बरेच जास्त थांबून मिळतात. हा उशीर मला आधी जाचायचा. पण फसवणूक पकडायला मिळणारी सवड हीच.

एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. काही शे सातोशींहून लहान रक्कम वाटेत असताना तिला साखळीचं संरक्षण नसतं, कारण तेवढ्यासाठी साखळीवरच्या व्यवहारात वेगळा आउटपुट (स्वतंत्रपणे काढता येणारा हिस्सा) बनतच नाही. तेवढ्यापुरता भरवसा ठेवावाच लागतो.

सध्या चार चॅनलं आहेत. त्यातली तीन जुन्याच नोडांशी पुन्हा उघडली. अकरा दिवस बंद राहिलेल्याशी नाही.