वर्डप्रेसची प्लगइन्स : वापरतानाचा अनुभव, आणि काढून टाकल्यानंतरचाही

होस्टिंगचं नूतनीकरण आलं, रक्कम बघून डोळे पांढरे झाले, म्हणून साइट स्वस्तातल्या सर्व्हरवर हलवली. तिथे साइटही पांढरी. नुसतं कोरं पान, डॅशबोर्डसुद्धा उघडेना. एखादं प्लगइन (साइटला जादा सोय देणारा जोड-प्रोग्रॅम) कोसळलं तर अॅडमिनला ईमेल येतो आणि त्यातल्या लिंकवरून रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे ते प्लगइन थांबवलेल्या डॅशबोर्डमध्ये शिरता येतं, ही सोय साइट चालवणाऱ्या वर्डप्रेसमध्ये 5.2 पासून, म्हणजे 2019 पासून आहे. ईमेल आलाच नाही. प्लगइन्सच्या फोल्डरचं नाव बदलून सगळी एकदम बंद केली, तरी तेच. होस्टिंगचा सपोर्टवाला "तुमच्या थीममध्ये प्रॉब्लेम आहे" या एका वाक्यावर ठाण मांडून बसला.

शेवटी सापडलं ते एका सुरक्षा प्लगइनचं उष्टं, आणि ते प्लगइन मी केव्हाच काढून टाकलेलं. नाव घेत नाही. आपली फायरवॉल (हल्ले अडवणारी भिंत) वर्डप्रेसच्याही आधी चालावी म्हणून त्याने मूळ फोल्डरातल्या डॉट-यूजर-आयएनआय फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती : पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची, कुठलीही फाइल चालवण्याआधी अमुक फाइल चालव. त्या फाइलचा पूर्ण पत्ता जुन्या सर्व्हरवरचा. प्लगइन गेलं, ओळ आणि ती फाइल राहिली. जुन्या जागी पत्ता बरोबर होता म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. नव्या जागी तो रस्ताच नाही, त्यामुळे पीएचपी उंबऱ्यातच अडकायचं. वर्डप्रेस सुरूच होत नव्हतं, मग ईमेल पाठवणार कोण? ओळ काढल्यावरही साइट लगेच उठली नाही, कारण पीएचपी या फाइलमधला मजकूर एरवी 300 सेकंद लक्षात ठेवतं. त्या पाच मिनिटांत मी सपोर्टला काय लिहिलं ते इथे देत नाही.

तेव्हापासून प्लगइन निवडताना माझी पहिली कसोटी एकच : जाताना हे मागे काय सोडून जाईल? स्टार, इन्स्टॉलचा आकडा, शेवटचं अपडेट हे सगळे बघतातच.

मग चिडून डेटाबेस उघडला. सेटिंग्ज साठवणाऱ्या ऑप्शन्सच्या टेबलमध्ये ज्या नोंदींवर ऑटोलोडची खूण असते, त्या प्रत्येक पानाच्या वेळी मेमरीत चढतात, मग त्यांचं प्लगइन जिवंत असो वा नसो. माझ्याकडे तिथे एक स्लायडर होता, एक पॉपअपवालं होतं, सोशल शेअरची बटणं होती. साइटवर यांतलं काहीच उरलेलं नव्हतं, सेटिंग्ज मात्र रोज हजेरी लावत होत्या. वर्डप्रेस 6.6 पासून डॅशबोर्डमधल्या साइट हेल्थ या तपासणीत हे दिसतं. हा गठ्ठा साधारण 800 केबीच्या वर गेला की इशारा येतो. माझ्या साइटवर तो इशारा होता आणि "साइट स्लो आहे, प्रीमियम कॅशे घ्या" (कॅशे म्हणजे पानं आधीच तयार करून ठेवणारं प्लगइन) असा सल्ला देणाऱ्या जाहिरातीही त्याच डॅशबोर्डवर होत्या. क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांच्या यादीत तर मेलेल्या प्लगइन्सची कामं वेळेवर निघत होती, करणारं कुणी नसताना. डब्ल्यूपी क्रॉनट्रोल हे प्लगइन टाकून ती एकेक करून उडवली.

आता नवं काही टाकायच्या आधी मी वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन डिरेक्टरीतून त्याचा कोड उघडतो आणि अनइन्स्टॉल डॉट पीएचपी नावाची फाइल आहे का ते शोधतो. ती नसेल तर काढताना साफसफाई करणारा हुक (त्या क्षणी आपोआप चालणारा कोड) तरी असायला हवा. कोड कळायलाच हवा असं नाही, फाइल आहे की नाही एवढं कुणालाही दिसतं. दोन्ही नसेल तर ते प्लगइन माझ्या साइटवर येत नाही, मग त्याचे कितीही लाख वापरकर्ते असोत.

इथवर लिहून मसुदा ठेवून दिला होता. मधल्या काळात एसइओचं, म्हणजे सर्च इंजिनांत साइट नीट दिसावी म्हणूनचं प्लगइन बदललं, आणि वरची कसोटी थोडी सैल करावी लागली. जुनं काढलं तरी प्रत्येक पोस्टचं त्याने साठवलेलं मेटा शीर्षक आणि वर्णन डेटाबेसमध्ये तसंच होतं, म्हणून नव्याला ते उचलून घेता आलं. जुन्याने माझ्या मनासारखी स्वच्छता केली असती तर सगळं पुन्हा हाताने लिहावं लागलं असतं. तेव्हा डिअॅक्टिव्हेट केल्यावर काहीही पुसू नये हे बरोबरच, आणि डिलीट करतानाही आधी विचारावं. काही प्लगइन्समध्ये "काढताना माझा डेटाही पुसा" अशी टिकमार्कची चौकट असते. सेटिंग्जच्या तळघरात का असेना, असते. डेटाबेसमधल्या नोंदी राहिल्या तर आता मी कुरकुर करून गप्प बसतो. पण सर्व्हरच्या फाइलमध्ये ओळ लिहून ती तशीच सोडून जाणं, याला माफी नाही.

पेज बिल्डरचं, म्हणजे पानांची मांडणी करून देणाऱ्या प्लगइनचं उरणं आणखी वेगळं. शॉर्टकोडवर (चौकटी कंसांतल्या सांकेतिक खुणांवर) चालणारा बिल्डर काढला की तुमच्या लेखात चौकटी कंसांचं रान माजतं आणि मूळ मजकूर त्यात शोधावा लागतो. 2018 च्या शेवटी 5.0 बरोबर आलेल्या ब्लॉक एडिटरवर (लेख तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे ब्लॉकनी रचायचा) मीही नाकं मुरडली होती. पण साध्या ब्लॉकचं प्लगइन काढलं तरी त्याचं एचटीएमएल पोस्टमध्ये राहतं, मजकूर वाचता येतो. सर्व्हरवर ऐनवेळी तयार होणारे ब्लॉक मात्र प्लगइनबरोबरच गायब होतात, हे लक्षात असू द्या.

बरीचशी "अत्यावश्यक" प्लगइन्स मुळात लागतच नाहीत. साइटमॅप (सर्च इंजिनांसाठी पानांची यादी) आणि चित्रांचं लेझी लोडिंग (चित्र नजरेत यायच्या सुमारास उतरवणं) 5.5 पासून, म्हणजे 2020 पासून वर्डप्रेसमध्येच आहे. वेबपी या हलक्या प्रकारातली चित्रं 5.8 पासून चालतात. रिडायरेक्टचं, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणारं प्लगइन मी टाकलं ते देवनागरी स्लगांपायी (स्लग म्हणजे पानाच्या पत्त्यातला शीर्षकावरून बनलेला भाग). स्लगच्या रकान्यात 200 अक्षरं मावतात, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एन्कोड होऊन 9 जागा खातं, म्हणजे काना-मात्रे धरून जेमतेम 22 चिन्हांत शीर्षक तुटतं. म्हणून सगळे स्लग रोमन केले. मग कळलं की पोस्टचा स्लग बदलला तर जुन्या पत्त्यावर आलेल्याला वर्डप्रेस स्वतःच नव्याकडे पाठवतं. पेजसाठी ही सोय नाही, आणि माझी पेजेस आहेत चार. प्लगइन काढलं.

उरलं ते असं. बॅकअपला अपड्राफ्टप्लस, फुकटवालं, आणि बॅकअप दुसऱ्या ठिकाणी पाठवायचा. साइट ज्या सर्व्हरवर आहे तिथेच बॅकअप ठेवण्यात अर्थ नाही. ईमेलसाठी एक एसएमटीपी प्लगइन (पत्र खऱ्या मेलखात्यातून पाठवणारं), कारण सर्व्हरवरून थेट निघालेलं पत्र बऱ्याचदा स्पॅममध्ये जातं किंवा कुठेच जात नाही. फॉर्मसाठी कॉन्टॅक्ट फॉर्म 7 : दिसायला ओबडधोबड, पण डॅशबोर्डवर गळ्यात पडत नाही. आलेले संदेश ते स्वतः साठवत नाही, त्यासाठी फ्लेमिंगो हे वेगळं प्लगइन लागतं. कॅशे आहे, तो काढायची वेळ आली तर डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये त्याची अॅडव्हान्स्ड-कॅशे नावाची फाइल राहिली नाही ना, ते आधी बघेन. आणि क्वेरी मॉनिटर, ज्याच्यामुळे कुठलं प्लगइन डेटाबेसला किती क्वेऱ्या (प्रश्न) विचारतं ते उघड दिसतं. काम झालं की तेही बंद.

सुरक्षेचं प्लगइन परत घेतलेलं नाही. घ्यायचंच नाही असं नाही. पण 2017 मध्ये डिस्प्ले विजेट्स हे दोन लाखांवर साइट्सवरचं प्लगइन विकलं गेलं आणि नव्या मालकाने अपडेटमधून स्पॅम घुसवला, तेव्हा ते डिरेक्टरीतूनच हटवावं लागलं. त्यामुळे मालक बदलला का, हे मी हल्ली चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) बघतो आणि ऑटो-अपडेट सरसकट चालू ठेवत नाही. तोवर दोन टप्प्यांचं लॉगिन आणि कमी प्लगइन्स यांवर भागतंय. प्रो आवृत्तीच्या वार्षिक वर्गण्या मी यंदा सगळ्या थांबवल्या. एकीच्या नूतनीकरणाची पत्रं मात्र अजून येतात, ते प्लगइन साइटवर नसताना.