बिनवासाचं लोशन, तुरटी वगैरे: उन्हाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

आधीच सांगते, मी 'केमिकल फ्री' गँगमधली नाही. मला वास आवडतात, कपाटात डिओ, बॉडी मिस्ट, वासाचं लोशन सगळं होतं. मानेवर आणि काखेत लाल चट्टे यायला लागले, घरचे सगळे घामोळं घामोळं म्हणत होते पण जाईचना, शेवटी नौपाड्यातल्या स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट करायला लावली, म्हणजे कशाची अॅलर्जी आहे ते शोधायची चाचणी. पाठीवर औषधाच्या छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवतात आणि 48 तास पाठ भिजवायची नाही. ठाण्यात, मे महिन्यात! वर ठाणे-ऐरोली ट्रान्स-हार्बर लोकलचा प्रवास. ऑफिसात एसी होता म्हणून निभावलं.

रिझल्ट आला फ्रॅग्रन्स मिक्स वनला पॉझिटिव्ह, म्हणजे वासाच्या पदार्थांची अॅलर्जी. हे एक केमिकल नसून आठ गोष्टींचं मिश्रण असतं. त्यातलं सिनॅमल दालचिनीत असतं, युजेनॉल लवंगेत, जिरॅनिऑल गुलाबात, आणि ओकमॉस म्हणजे आपल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं लायकेन (बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढून बनतं ते). अर्धा गोडा मसालाच की! म्हणजे 'सिंथेटिक वाईट, नॅचरल चांगलं' हा हिशोब इथेच बाद झाला, कारण लवंगेतून काढलेलं युजेनॉल आणि कारखान्यात बनवलेलं युजेनॉल त्वचेला सारखंच. सासूबाईंना हे काही पटलेलं नाही. दिवाळीत उटणं लावायला नको म्हणाले तर "अगं त्यात कसलं केमिकल, नागरमोथा न कपूरकाचरी" असं सुरू झालं. मग हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस वाट बघितली, काही झालं नाही, मग लावलं. अशी अॅलर्जी लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उमटते, म्हणून पाच मिनिटं लावून 'सूट झालं' म्हणण्यात अर्थ नसतो.

खरा वैताग लेबलचा. आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांवर फक्त 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' एवढंच लिहिलेलं असतं, त्या एका शब्दात दहा पदार्थ असोत नाहीतर शंभर. युरोपात 2005 पासून 26 अॅलर्जी देणारे पदार्थ नावानिशी लिहावे लागतात, 2023 मध्ये ती यादी 80 च्या वर नेली. म्हणून मॉलमधल्या इम्पोर्टेड लोशनच्या लेबलवर शेवटी लिनालूल, लिमोनीन, सिट्रोनेलॉल अशी शेपटी असते. ती शेपटी बघून लोक घाबरून बाटली परत ठेवतात आणि शेजारची नुसतं परफ्यूम लिहिलेली घेतात, कमाल आहे. निदान पहिलीवाली सांगते तरी आत काय आहे ते.

त्या युरोपच्या नियमात एक कामाची गोष्ट सापडली. अंगावर राहणाऱ्या वस्तूत (लोशन, डिओ, सनस्क्रीन) 0.001 टक्क्याच्या वर असेल तर नाव लिहायचं, धुऊन जाणाऱ्या वस्तूत (साबण, शॅम्पू) 0.01 टक्क्याच्या वर. ही लिहिण्याची मर्यादा आहे, सेफ्टीची नाही, पण दहापट फरक का ठेवला असेल ते कळतं. तर डॉक्टरांना विचारून मी शॅम्पू नेहमीचाच ठेवला, अंगावर राहणारं सगळं बदललं.

लोशन: मेडिकलमध्ये मिळणारं बिनवासाचं. महाग आहे, पहिले काही दिवस त्याचा मेणचट वास येतो आणि काहीतरी चुकीचं लावलंय असं वाटतं, मग नाकाला सवय होते. मानेवरचे चट्टे महिन्याभरात गेले, परत आले नाहीत. घेताना 'अनसेंटेड' आणि 'फ्रॅग्रन्स फ्री' एकच समजू नका. अनसेंटेडमध्ये मूळचा वास दाबायला दुसरा वास घातलेला असू शकतो, मला एका अनसेंटेड बाटलीच्या मागे चक्क परफ्यूम लिहिलेलं दिसलं.

डिओ: इथे मला सगळ्यात जास्त धाकधूक होती, संध्याकाळची लोकल आणि बिनवासाची बाई! पण तुरटी जिंकली. किराणावाल्याकडचा खडा, अंघोळीनंतर ओल्या काखेत फिरवायचा, बास. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो, तो त्वचेवरचे जंतू तयार करतात आणि तुरटी त्यांना आवरते. ऑक्टोबर हीटमध्ये मात्र रात्रीपर्यंत टिकत नाही हे खरं.

कपडे: कंडिशनर बंद केला. नवरा अजून कुरकुरतो की टॉवेल खरखरीत लागतात. त्याचं बरोबर आहे, पण काखेतली खाज पूर्ण थांबली ती यानंतरच.

आता ते व्हॉट्सॅपवरचं 'सेंटमुळे कॅन्सर, हार्मोन बिघडतात'. सगळंच थोतांड नाही आणि सगळंच खरंही नाही. लिलियल नावाचा लिलीसारख्या वासाचा पदार्थ वर्षानुवर्षं सगळीकडे वापरला गेला, प्राण्यांवरच्या चाचण्यांत प्रजननावर परिणाम दिसले आणि 1 मार्च 2022 पासून युरोपात कॉस्मेटिक्समध्ये बंद. कपाटातल्या एका जुन्या बाटलीवर ते नाव होतं (ब्यूटाइलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल, वाचताना जीभ अडकते), दिली टाकून. लायरल नावाचा असाच एक वासाचा पदार्थ अॅलर्जीमुळे गेला, ओकमॉसमधले अट्रॅनॉल आणि क्लोरोअट्रॅनॉलसुद्धा, आणि ओकमॉस तर नॅचरल. थॅलेटचंही (प्लास्टिक मऊ करायला आणि सेंटमध्ये वापरतात त्या केमिकल्सचा गट) तसंच, त्यातल्या डीबीपी आणि डीईएचपीला युरोपात कॉस्मेटिक्समध्ये बंदी आहे, परफ्यूममध्ये जास्त करून असतं ते डीईपी, ते वेगळं. सगळ्या थॅलेटना एका माळेत ओवून फॉरवर्ड करणाऱ्यांना काय सांगणार.

ज्यांना अॅलर्जी नाही त्यांनी वास सोडायची काही गरज नाही असं माझं मत. फक्त अर्धी वापरलेली बाटली वर्षानुवर्षं बाथरूमच्या खिडकीत ठेवू नका. लिनालूल, लिमोनीन ताजे असताना फारसा त्रास देत नाहीत, हवा लागून त्यांचं ऑक्सिडेशन झालं की जे बनतं त्याने अॅलर्जी होण्याची शक्यता बरीच वाढते. मी स्वतः आता सेंट मारलाच तर साडीच्या पदरावर मारते, अंगावर नाही, आणि गजरा केसात घालते पण मानेला लागू देत नाही.

सनस्क्रीनचं अजून जमलेलं नाही. बिनवासाची जी जी घेतली ती एकतर चेहरा पांढराफटक करते नाहीतर ऐरोली येईपर्यंत घामाने डोळ्यात उतरते. कोणाला पाचशेच्या आतली चांगली माहीत असेल तर नाव सांगा.