पाइनफोन आणि पोस्टमार्केटओएस: अनेक महिने वापरल्यानंतर

पाइनफोन हा अँड्रॉइडऐवजी लिनक्सवर चालणारा फोन, आणि पोस्टमार्केटओएस ही फोनसाठीची एक मुक्त लिनक्स प्रणाली, जी मी त्यावर वापरतो. पाइनफोन घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो, एकुलता एक फोन म्हणून घेऊ नका. दुसरा फोन म्हणून मी तो पुण्यात बरेच महिने वापरतोय आणि आता तो सोडवत नाही. वेगासाठी नक्कीच नव्हे, कारण ऑलविनर ए६४ ही चिप २०२० मध्ये फोन आला तेव्हाच जुनी होती आणि जड वेबसाइटना ती पुरत नाही. पण यावरची जवळजवळ प्रत्येक चांगली सोय कुणातरी वापरणाऱ्याच्या गरजेतून आलेली आहे, आणि तिच्यात आपल्यालाही हात घालता येतो.

उदाहरण लॉक स्क्रीनचं देतो. फॉश या मोबाइल डेस्कटॉपमध्ये लॉक स्क्रीनसाठी छोटी प्लगइन आहेत. त्यातलं एक तिकिटांचं. होम फोल्डरात त्यासाठी ठरलेलं फोल्डर करून त्यात पीडीएफ टाकली की ती फोनचं लॉक न उघडताही दिसते. रेल्वेचं तिकीट मी तिथेच ठेवतो. टीसी समोर उभा असताना ईमेल शोधत बसावं लागत नाही. दुसरं प्लगइन कॅलेंडरमधल्या पुढच्या नोंदी दाखवतं. तिथींची एक आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) कॅलेंडरमध्ये घेतल्यावर संकष्टी आणि एकादशी आपोआप लॉक स्क्रीनवर येऊ लागल्या. यासाठी वेगळं पंचांगाचं अ‍ॅप बनवावं लागलं नाही, आणि मला वाटतं खरी गोष्ट हीच आहे.

लोक या फोनसाठी कल्पना सुचवतात तेव्हा बहुतेकांना नवं अ‍ॅप हवं असतं. अशी अ‍ॅप एकट्यादुकट्याच्या उत्साहावर सुरू होतात आणि त्या माणसाला वेळ मिळेनासा झाला की थांबतात. टिकतात त्या कल्पना, ज्या लॅपटॉपवाल्यांनाही उपयोगी पडतात. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपचं कॅलेंडर, घड्याळ, फाइल्स हे सगळं मोठ्या स्क्रीनवर जे चालतं तेच इथे चालतं. खिडकी अरुंद झाली की मांडणी आपोआप बदलते. फायरफॉक्सलाही पोस्टमार्केटओएसच्या लोकांनी एक कॉन्फिगरेशन देऊन फोनच्या रुंदीत बसवलं. त्यामुळे दुरुस्ती कुणीही केली, तरी फायदा दोघांना होतो.

लॅपटॉपवरही चालतं तेच टिकतं, याला एक मोठा अपवाद आहे, आणि त्याशिवाय हा फोन फोन झालाच नसता. ए६४ मध्ये मुख्य चार कोरांशिवाय एक छोटा ओपनरिस्क प्रोसेसर असतो. सॅम्युएल हॉलंड यांनी त्याच्यासाठी ‘क्रस्ट’ हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लिहिलं. त्यामुळे मुख्य प्रोसेसर झोपतो, बॅटरी वाचते, आणि कॉल आला की मोडेम, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग, फोनला उठवतो. उठायला काही सेकंद लागतात. आईला सांगून ठेवलंय, “लगेच कट करू नकोस, थोडा वेळ वाजू दे.” मोडेम म्हणजे क्वेक्टेल कंपनीचा ईजी२५-जी, आणि त्याच्या आतही स्वतंत्र लिनक्स चालतं, त्याच्यासाठीसुद्धा वापरणाऱ्यांनी पर्यायी फर्मवेअर तयार केलं आहे. सिम निवडताना मात्र जपून. फक्त ४जीवर चालणाऱ्या नेटवर्कवर व्होल्टी (४जीवरून होणारा कॉल) जमल्याशिवाय कॉल होत नाही. मी २जीची सोय असलेलं सिम घेतलं.

मागचं झाकण नखाने उघडतं. आत मोडेम, वायफाय, माइक, दोन्ही कॅमेरे यांचे बारीक स्विच आहेत. बॅटरी सॅमसंग जे७च्या मापाची, त्यामुळे बदलायला सोपी. मागच्या बाजूला पोगो पिना (स्प्रिंगवरच्या जोडणीच्या पिना) आहेत; त्यांच्यावर जोडायला कीबोर्ड, लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ), वायरलेस चार्जिंग अशी झाकणं निघाली. ६००० एमएएचची बॅटरी पोटात असलेला कीबोर्ड मला यातला सगळ्यात उपयोगी वाटतो. २०२०-२१ मध्ये यूबीपोर्ट्स, पोस्टमार्केटओएस, मांजारो, केडीई आणि मोबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या नावाच्या फोनच्या आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक फोनमागे त्या त्या प्रकल्पाला १० डॉलर मिळाले. काम करणाऱ्यापर्यंत पैसे पोचवण्याची ही पद्धत मला मनापासून पटते.

यूपीआयचा प्रश्न सगळे विचारतात. चालत नाही. वेड्रॉइड या लिनक्सच्या आत अँड्रॉइड चालवणाऱ्या सोयीत अँड्रॉइडची अ‍ॅप उघडतात, पण त्या अँड्रॉइडला सिम दिसतच नाही, आणि यूपीआयची नोंदणी तर सिमवरून जाणाऱ्या एसएमएसवर अवलंबून. बँकांची अ‍ॅप यंत्राची खातरजमा करतात तो अडथळा आणखी वेगळा. यावर उपाय वापरणाऱ्यांच्या हातात नाही, म्हणून व्यवहारासाठी दुसरा फोन लागतोच.

मराठी वाचायला काही अडचण नाही. नोटोचा देवनागरी फाँट घातला की जोडाक्षरं नीट दिसतात. लिहिण्यासाठी स्क्वीकबोर्ड या कीबोर्डाची मांडणी एका साध्या यामल फाइलमध्ये (वाचता येणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये) असते. कोणत्या ओळीत कोणती अक्षरं, दुसऱ्या पानावर काय, एवढंच त्यात लिहायचं. मी माझी मांडणी केली. ळ, ॲ आणि ऑ पहिल्याच पानावर घेतले, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असं लिहिताना शोधाशोध नको म्हणून ऱ्य एका कळीवर ठेवलं. कुणाला विनंती करावी लागली नाही, कुठल्या कंपनीच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागली नाही. इतकी वर्षं स्मार्टफोन वापरून हा आनंद मला पहिल्यांदा मिळाला.

आता हवे आहेत ते सुचवलेले शब्द. फॉशसाठीच्या दुसऱ्या एका कीबोर्डात हनस्पेल या शुद्धलेखन तपासनीसाच्या यादीवरून शब्द सुचवण्याची सोय आहे, आणि हनस्पेलची मराठी यादी लॅपटॉपवर शुद्धलेखन तपासायला आधीपासून आहे. कस लागतो तो प्रत्ययांपाशी. घरात, घराला, घराच्या, घरापासून ही सगळी रूपं नियमांतून तयार व्हायला हवीत, नाहीतर यादी कितीही वाढवली तरी अपुरीच. ज्यांना मराठी व्याकरणाची जाण आहे त्यांनी या नियमांच्या फाइलकडे बघावं. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल, आणि त्यातली प्रत्येक दुरुस्ती लिब्रेऑफिसमध्ये मराठी लिहिणाऱ्यांच्याही कामी येईल.